इस्त्रीच्या कोटातला फोटो

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी धाकटीने फोनवर सांगितलं की शाळेत घरातल्या शूर माणसाबद्दल बोलायचं आहे आणि त्यासाठी फौजी आजोबांचा एक चांगला फोटो हवा. मी चांगला फोटो पाठवला. निळा कोट, छातीवर पदकं, गुळगुळीत दाढी, सरळ नजर. तुमच्या बाईंनी तो वर्गाच्या भिंतीवर लावला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, असं तिने सांगितलं. मी फोन ठेवला आणि कपाट आवरायला घेतलं. मला काही खुपलं की मी कपाट आवरते, हे तुमच्या आईला ठाऊक आहे.

फोटो खरा आहे. पण तो ज्या सकाळी काढला त्या सकाळी तुमच्या फौजी आजोबांना नीटनेटकं दिसण्याची अजिबात गरज नव्हती, आणि त्यांना नीटनेटकं केलं ते मी. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. हे लिहून ठेवलं नाही तर तुमच्याकडे फक्त फोटो उरेल, आणि तुम्हाला वाटेल की हा माणूस जन्मभर असाच ताठ उभा होता. म्हणून आज लिहिते आहे.

तो माझा सर्वांत धाकटा भाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. मला अक्का म्हणतो. त्याला पहिली पाटी मीच धरायला शिकवली आणि त्याची पहिली चूकही मीच खोडली. पुढे मी लग्न करून नांदेडला आले, मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तो आमच्या देवणी गावाहून फौजेत गेला. आमचं घर किराणा दुकानदारांचं, गळ्यात इष्टलिंग बांधणाऱ्या लिंगायतांचं. घरात बाटलीचं नावही काढायचं नाही. फौजेत त्याला गाडी चालवायचं काम मिळालं. पंधरा वर्षं पुरी होताच पुढची नोकरी नाकारून तो परत आला. का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते एवढंच, की कँटीनचं कार्ड मिळालं का?

माजी सैनिकाला त्या कार्डावर कँटीनमधून साबण, मिक्सर, कुकर स्वस्तात मिळतात आणि दर महिन्याला रमच्या ठरावीक बाटल्याही. त्या बाटल्यांना कोटा म्हणतात. आमच्या सोवळ्या घराण्यात कोट्याची वाट जेवढी पाहिली जाई तेवढी पावसाचीही नसेल. अर्थात पिण्यासाठी कुणीच मागत नसे. एकाला गुडघ्याला चोळायला हवी असे, एकाला बाळंतिणीच्या खोलीत शिंपडायला. आमच्या एका चुलतभावाकडे जातिवंत देवणी वळू होता, पांढराशुभ्र, अंगावर काळे ठिपके. त्या वळूला बाराही महिने सर्दी असायची.

"फौजी, दोन झाकणं पाजायचीत बग वळूला. लई शिंकून राहिलाय."

"वळू सोडा सोबत घेतो का पाणी?" तुमचे फौजी आजोबा विचारायचे.

पंधरा ऑगस्टला गावातल्या शाळेत झेंड्याला सलामी द्यायला त्यालाच बोलवत. मुख्याध्यापक त्याला आदर्श पुरुष म्हणत आणि भाषण झाल्यावर शाळेच्या मागच्या बाजूला नेऊन कोटा आला का ते विचारत. उरलेला कोटा तो स्वतः संपवायचा. मग कोट्याबाहेरचीही प्यायला लागला. बँकेतली पहारेकऱ्याची नोकरी गेली. तेव्हा तेच मुख्याध्यापक, तोच चुलतभाऊ बैठकीत बसून म्हणाले, "वाया गेला माणूस." चुलतभावाच्या तोंडाला त्याच रमचा वास येत होता. वळूला पाजताना अंगावर सांडली असावी.

मीही त्याला बेशिस्त म्हणत होते. उगाच स्वतःला वेगळं काढत नाही.

मग त्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं, उदगीरला. भर दुपारी वरात चालली होती. नवरदेव घोड्यावर, पुढे डीजे. कुणीतरी घोड्याच्या पायाशीच फटाक्यांची लांब माळ पेटवली. पहिला बार वाजला आणि तुमचे फौजी आजोबा गर्दीतून धावत आले, नवरदेवाला कमरेला धरून घोड्यावरून खाली ओढलं आणि रस्त्यावर त्याच्या अंगावर आडवे झाले. माळ संपेपर्यंत त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं. नवरदेवाचा फेटा गटारात गेला. घोडा बाजारात गेला.

"पिऊन धिंगाणा घालतोय!" सगळे ओरडले. तुमची फौजी आजी, म्हणजे माझी भावजय, तेवढी जवळ जाऊन बसली. ती मला म्हणाली, "अक्का, वास घेऊन बगा. सकाळपासून थेंब न्हाई घेतला त्यांनी."

मी वास घेतला. नव्हताच. घामाने भिजलेला माझा भाऊ नवरदेवाला परत परत एकच विचारत होता, "लागलं का रे? लागलं का?"

त्या दिवशी मला कळलं की हे प्रकरण बेशिस्तीचं नाही. प्रकरण हातात घ्यायचं ठरवलं की मी नवी फाईल करते. फाईल केली, तिच्यावर लेबल लावलं आणि त्याला लातूरला मेंदूच्या नव्हे, मनाच्या डॉक्टरकडे नेलं. तो तयार नव्हता. "अक्का, मी दारुडा हाय, येडा न्हाई. दारुड्याला लोक हसतेत. येड्याला बांधतेत."

त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मी एक नवल पाहिलं. वीसेक माणसं बसली होती आणि त्यांच्यात एकही रुग्ण नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्या कुणाला तरी घेऊन आला होता. माझ्या ओळखीच्या एक बाई भेटल्या, तोंडावर पदर घेतलेला. त्या ॲसिडिटीसाठी आल्या होत्या. त्यांनी माझ्या भावाला विचारलं, "तुम्ही इकडं कसे?"

तो म्हणाला, "आमच्या अक्काला घेऊन आलोय. मास्तरकी करून डोक्यावर परिणाम झालाय."

बाईंनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला डोळे खाली घालावे लागले. तो मात्र खूश होता. कित्येक महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं.

डॉक्टरीण वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी होती. तिने त्याला तासभर बोलतं केलं आणि मग मला आत बोलावलं. म्हणाली, हा आजार आहे, तिकडच्या नोकरीतून आलेला, आणि दारू त्याच्यावर घातलेली चादर आहे. गोळ्या सुरू करू. व्यसनासाठी दाखल व्हावं लागेल. आणि फौजेकडे दिव्यांग पेन्शनचा अर्ज करा, कारण आजार नोकरीमुळे झाला हे त्यांनी मान्य करायला हवं.

दाखल व्हायचं नाव काढताच तो उठून उभा राहिला. मग अर्जाचं ऐकून परत बसला.

"म्हणजे ते लिहून देतील? मी नालायक न्हाई, आजारी हाय, असं? शिक्का मारून?"

"मान्य झालं तर," डॉक्टरीण म्हणाली.

"मग होतो दाखल. आधी कागद येऊ द्या."

तेव्हापासून सगळं त्या कागदावर येऊन ठेपलं. पैशाचं त्याला फारसं नव्हतं, साधी पेन्शन होतीच. त्याला तो शिक्का चुलतभावाच्या बैठकीत दाखवायचा होता. शिक्का आला तर तो दाखल होणार होता. नाही आला तर काय, हे आम्ही कुणी बोललो नाही. त्याचे हात तेव्हाच इतके थरथरत की चहाचा कप भावजय अर्धाच भरायची.

सैनिकांच्या ऑफिसातला कारकूनही निवृत्त फौजी होता, भला माणूस. तो म्हणाला, "ताई, काय काय त्रास होतो ते त्यांच्याकडून लिहून घ्या आणि इंग्रजीत करून द्या. वर इंग्रजी लागतं." इंग्रजी! माझ्या अंगात उत्साह संचारला.

भावाने वहीची चार पानं लिहून दिली. पहिलं वाक्य मला पाठ आहे: "आवाज झाला की माझे हातपाय माझे ऱ्हात न्हाईत, मग मला शेजारचा माणूस दिसतो आन त्याला खाली वडायचं ऱ्हाऊन गेलं हे ध्यानात येतं, असं रोजच होतं, म्हून पितो."

तो शेजारचा माणूस म्हणजे त्याचा गाडीतला जोडीदार. डोंगरातल्या रस्त्यावर तोफगोळे पडायला लागले तेव्हा माझ्या भावाने स्वतः उडी मारली आणि मग हात वर करून जोडीदाराला ओढायला गेला. तोवर उशीर झाला होता. हे मला पन्नाशी उलटलेल्या भावाच्या वहीतून कळलं. मी वाचलं, डोळे पुसले आणि चुका दुरुस्त करायला बसले.

मी ते फार सुंदर इंग्रजीत केलं. "रोजच" हा शब्द मला भडक वाटला, त्या जागी "क्वचित" अशा अर्थाचा शब्द घातला. "पितो" हे अर्जात शोभेना, म्हणून "प्रसंगी मद्याचा आधार घेतो" असं केलं. जोडीदाराची हकीकत फार खासगी वाटली. ती एका ओळीत आटोपली: नोकरीत असताना एका सहकाऱ्याच्या निधनाने अर्जदारास दुःख झाले. चार पानांचं एक पान झालं. समासही सोडला. कारकून वाचून म्हणाला, "वा! काय इंग्रजी आहे!" मी ते प्रमाणपत्र समजले.

मग दोन वर्षांनी मेडिकल बोर्डाची तारीख आली. बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर समोर बसून माणूस किती आजारी आहे ते ठरवतात. सैन्याचं ते इस्पितळ रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर होतं. मी त्याला आठवडाभर आधी नांदेडला आणून ठेवलं. पाच दिवस थेंब पिऊ दिला नाही. कोट ड्रायक्लीनला दिला. पदकं लिंबाने घासली. रोज सकाळी मी टेबलाच्या एका बाजूला बोर्ड होऊन बसायचे आणि तो दुसऱ्या बाजूला उभा राहायचा.

"दारू पिता का?"

"मोप."

"असं नाही म्हणायचं. कधी-कधी, असं म्हणायचं."

"आन हात थरथरला तर?"

"मागे बांधून ठेवायचे. विश्राममध्ये."

इस्पितळाच्या दारात, कडुनिंबाखाली, मी तो फोटो काढला. तोच तुमच्या वर्गात आहे. हात पाठीमागे का आहेत, ते आता तुम्हाला कळेल.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी बाकावर बसून ऐकत होते. त्याने बूट आपटून सॅल्यूट ठोकला.

"कैसे हो?"

"एकदम ठीक, सर!"

"नींद आती है?"

"बढिया, सर!"

"कोई तकलीफ?"

"कोई तकलीफ नहीं, सर!"

फौजेत वरिष्ठाने विचारलं की काय उत्तर द्यायचं असतं, हे त्याच्या हाडांत मुरलेलं होतं. उरलेलं पॉलिश माझं. दहा मिनिटांत तो बाहेर आला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. शाळेत वक्तृत्वाला पहिला नंबर आल्यावर मुलींच्या पाठीवर मारायचे, तशी. येताना आम्ही गाडीत गुलाबजाम खाल्ले.

तीन महिन्यांनी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की अर्जदार नीटनेटका, सावध आणि आज्ञाधारक आहे. उत्तरं समर्पक. त्याच्या स्वतःच्याच निवेदनानुसार त्रास क्वचित होतो आणि मद्य प्रसंगी. दिव्यांगत्व नाही. दावा नामंजूर. माझं "क्वचित" त्यांनी जसंच्या तसं अवतरणचिन्हात घातलं होतं. तेहतीस वर्षांत माझं इंग्रजी इतकं काळजीपूर्वक कुणी वाचलं नव्हतं.

मी त्याला फोन करून पत्राचा अर्थ सांगितला. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, तू मला पास केलंस की गं."

त्यानंतर तो दोन दिवस घरी गेला नाही. उदगीरच्या बसस्थानकावर, बाकाखाली, भर दुपारी लोकांनी त्याला पाहिलं. तोंडातून रक्त येत होतं. लोकांना वाटलं पान खाल्लंय. एका कंडक्टरने त्याच्या खिशातलं कँटीनचं कार्ड पाहून फौजी आहे म्हणून रिक्षात घातलं. बघा, कार्डाचा तेवढा एक खरा उपयोग झाला.

मी लातूरच्या इस्पितळात पोचले तेव्हा भावजय जिन्यात उभी होती. ती कधी मला उलट बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"अक्का, आमच्या माणसाला डॉक्टरचं औषध लागू न्हाई पडलं. तुमच्या इंग्रजीनं मात्र पार बरा झाला बगा."

मी तिच्या मागे जिना चढले.

तो वाचला. डॉक्टरिणीने त्याला शिक्क्याची वाट न बघता व्यसनाच्या वॉर्डात हलवलं. "कागद मागनं येईल," ती त्याला म्हणाली, "आधी माणूस राहू द्या." पहिले दहा दिवस त्याने सगळ्यांना शिव्या घातल्या. मला सोडून, आणि तेच मला जास्त लागलं. अकराव्या दिवशी मी वही घेऊन गेले. म्हटलं, "पुन्हा सांग. अपील करायचंय. यावेळी मी फक्त लिहून घेते."

"चुका?"

"राहू देते."

"राहवंल तुला?"

राहवत नव्हतं. तो बोलत होता आणि माझा हात आपोआप शुद्ध करायला जात होता. एकदा त्याने माझं पेनच धरलं. "थांब अक्का, टिंब नगं देऊस. अजून संपलं न्हाई." त्या बैठकीत अकरा पानं झाली. वळूच्या सर्दीसह. इंग्रजी डॉक्टरिणीने केलं, आणि मूळ पानं तशीच जोडली.

साक्षीदार हवा होता. घोड्यावरून ओढला गेलेला नवरदेव सगळ्यांत चांगला. आता त्याचं उदगीरला हार्डवेअरचं दुकान आहे, अंगाने भरलाय. मी आणि भावजय दुकानात गेलो. लिहून काय द्यायचं ते सांगताच त्याचं तोंड उतरलं.

"आत्या, मी घोड्यावरनं पडलो असं लिहायचं? सासुरवाडीत इतकी वर्षं सांगून राहिलो की घोडा उधळला म्हणून मीच उडी मारली!"

"ओढलं असं लिही. पडलास असं नको लिहू."

"ते झालं हो. पण त्यांचा या महिन्याचा कोटा कोण आणतंय?"

भावजयीने पदर खोचला. "कामून? वळू अजून शिंकून राहिलाय का? तो तर मरून चार वर्सं झाली! त्या दिवशी आमच्या माणसानं तुला छातीखाली घेतला, तुझ्या बापानं न्हाई. तुझा बाप पुढं नाचून राहिला होता. लिही मुकाट्यानं."

दुकानात गिऱ्हाईक होतं. ते हसलं. नवरदेवाने लिहून दिलं, सही केली आणि, खरं सांगायचं तर, सहीनंतर एक ओळ आपणहून घातली: काका त्या वेळी प्यालेले नव्हते आणि मला लागलं का असं विचारत होते.

दुसऱ्या बोर्डाला तो भावजयीसोबत गेला. मी गेले नाही. डॉक्टरिणीने मला सांगितलं होतं की तुम्ही घरी बसणं हीच मदत. त्याने कोट नेला नाही. समोरच्या डॉक्टरने कैसे हो विचारलं, तेव्हा, भावजय सांगते, तो सवयीने "एकदम" एवढं बोलला आणि थांबला. मग हात पुढे टेबलावर ठेवले आणि त्यांना थरथरू दिलं.

त्या बोर्डाचा निकाल अजून आलेला नाही. कारकुनाला मी दर सोमवारी फोन करते. तो म्हणतो, कागद वर गेलाय. किती वर, ते त्यालाही माहीत नाही. दाखल होऊन आल्यानंतर तुमचे फौजी आजोबा दोनदा पुन्हा प्यायले, आणि दोन्ही वेळा आपल्या पायांनी लातूरला गेले. आताही त्या बाहेरच्या खोलीत बसतात. कुणाला घेऊन आलात असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मलाच."

फोटो भिंतीवरून काढायला सांगू नका. तुमच्या बाईंना ही पानं मात्र वाचून दाखवा, आणि त्यांच्यासाठी इंग्रजीत करून सांगावं लागलं तर माझ्यासारखं करू नका.

कँटीनचं कार्ड माझ्या कपाटात आहे, भावजयीने ठेवायला दिलेलं. कोट तिथेच आहे. अकरा पानांची प्रतही आहे, सगळ्या चुकांसह. तुमचे फौजी आजोबा देवणीला आहेत. सकाळची गोळी भावजय देते, संध्याकाळची ते स्वतः घेतात. रोज सकाळी सात वाजता मला फोन करतात. मी विचारते, कसा आहेस. आज म्हणाले, "बरं न्हाई, अक्का. पण हाय."